नववं कलम

फॉक्स नदी काही फार मोठी नाही. एल्जिन गावात तिच्यावरचा पूल गाडीने ओलांडायला अर्ध मिनिटसुद्धा लागत नाही. पण या एवढ्याशा पाण्याने मराठी माणसांची दोन राज्यं करून ठेवली होती. नदीच्या पूर्वेला, शॉमबर्गच्या बाजूला, प्रल्हाद काकांचा महाराष्ट्र समाज. सहाशे कुटुंबं, भाड्याचं मोठं थिएटर, भारतातून येणारे गायक. पश्चिमेला नदीकाठ मंडळ. चौसष्ट कुटुंबं, शाळेचं कॅफेटेरिया आणि अध्यक्ष म्हणून शरयू. दोघांचे गणपती एकाच शनिवारी असायचे, आणि एवढ्या तेवढ्यावरून दोन्हीकडची शहाणी माणसं वर्षभर एकमेकांशी तुटक बोलायची.

दोन हजार सातच्या फेब्रुवारीत, एका रविवारी दुपारी, प्रल्हाद काका बर्फ तुडवत शरयूच्या घरी आले. बूट दारात काढले, टोपी खिशात कोंबली आणि पिशवीतून स्पायरल बाइंडिंग केलेला एक मसुदा काढून डायनिंग टेबलावर ठेवला.

"दोन राज्यं एक करायची," ते म्हणाले. "पण रीतसर, कायद्याने. भांडण नाही, तंटा नाही. तुमची सभा ठराव करेल, आमची सभा ठराव करेल, की झालं. आमचं सांगलीचं संस्थान विलीन झालं तेव्हा कुणाचं काय बिघडलं?"

टेबलाच्या दुसऱ्या टोकाला शरयूची मुलगी नेत्रा लॅपटॉपमध्ये डोकं घालून बसली होती. तिने मान वर केली.

"वेट, हा माझा प्रोजेक्ट आहे," ती म्हणाली. "हिस्ट्रीचा. इंग्लंड आणि स्कॉटलंड. दोन पार्लमेंट्सनी लॉ पास केला आणि एक किंगडम झालं. सतराशे सात."

"किती कलमं होती त्यात?"

"ट्वेंटी-फाइव्ह."

"आमची बावीस," काका हसले. "म्हणजे आम्ही तीन कलमांनी शहाणे."

सगळे हसले. शरयूही हसली, पण तिची नजर मसुद्याच्या एका पानावर अडकली होती. मसुद्यात लिहिलं होतं की एकत्रित कार्यकारिणीत पंधरा जण असतील आणि नदीकाठचे त्यांतले दोन. हे तिला खटकलं. खटकलं तर बोलावं ना माणसाने! पण समोर प्रल्हाद काका बसले होते. एकोणनव्वद साली ती आणि तिचा नवरा विनय दोन बॅगा घेऊन ओहेअर विमानतळावर उतरले, तेव्हा हाच माणूस त्यांना न्यायला आला होता. त्यांच्या बेसमेंटमध्ये ते दोघं अकरा दिवस राहिले होते. पहिली कोथिंबीर कुठे मिळते इथपासून पहिला हिवाळी कोट कुठला घ्यायचा इथपर्यंत सगळं काकांनी दाखवलेलं. अशा माणसाला तोंडावर नाही म्हणायची आपल्याकडे पद्धत नाही, आणि शरयू तर भिडेत मुरलेलीच बाई.

काकांनाही ते ठाऊक होतं. पण ते कपटी नव्हते. त्यांना खरंच सगळं नीटनेटकं, एका छताखाली, क्रमांक घातलेलं आवडायचं.

"हे बघ शरयू," ते म्हणाले, "तुमच्याकडचं जे काही खास असेल ते तू लिहून दे. एक अख्खं कलम तुमचं. नववं मोकळं ठेवलंय. तू लिहिशील ते शब्दन् शब्द तसंच घालतो."

नदीकाठ मंडळाचं खास काय, हे शरयूला शोधावं लागलं नाही. खास होता तो डबा.

नेत्रा झाली तेव्हाची गोष्ट. शरयूच्या आईला व्हिसा मिळाला नव्हता, विनयला दोन दिवसांच्या वर रजा नव्हती. चार दिवसांचं बाळ आणि बाहेर गुडघाभर बर्फ. पाचव्या दिवशी दारात मालिनी काकू उभ्या राहिल्या. शेजारच्या बिल्डिंगमधल्या, तोवर फक्त तोंडओळख असलेल्या. हातात चार पुडांचा स्टीलचा डबा. आत आल्या, बाळाला मांडीवर घेतलं आणि म्हणाल्या, "जेव. मी बसलेय." शरयू एक घास खाऊन जी रडायला लागली ती अर्धा तास थांबली नाही. काकू बाळाला थोपटत राहिल्या. रडणं झालं, जेवण झालं, मग रिकामा डबा घेऊन निघाल्या. दुसऱ्या दिवशी परत आल्या. असं सव्वा महिना.

पुढे मंडळात ती रीतच पडली. कुणी बाळंत झालं की सव्वा महिना रोज एकेका घरातून डबा जायचा. मालिनी काकू गेल्या, त्यांचा डबा मात्र मंडळात फिरत राहिला. नियम कुणी लिहिले नव्हते, पण सगळ्यांना ठाऊक होते. डबा दारात द्यायचा नाही. आत जायचं, बाळ घ्यायचं, ती जेवेपर्यंत बसायचं. रिकामा डबा घेतल्याशिवाय उठायचं नाही.

शरयूने त्याच संध्याकाळी कलम लिहिलं. ऑफिसात ती इन्शुरन्सची सॉफ्टवेअर तपासायची, त्यामुळे नेमकं लिहायची सवय होती. तिने लिहिलं: "बाळंतिणीच्या घरी सव्वा महिना रोज दुपारी ताजा डबा पोचवण्याची नदीकाठ मंडळाची प्रथा एकत्रित समाजात अबाधित राहील." दोनदा वाचलं. 'अबाधित' हा शब्द तिला फार आवडला. आत जायचं, बसायचं, हे लिहावं असं तिच्या मनातसुद्धा आलं नाही. घास चावून खावा असं कुणी लिहून ठेवतं का?

"त्यांचं पण सेम होतं," नेत्रा म्हणाली. "स्कॉटलंडचं. त्यांनी पण एक आर्टिकल घालून घेतलं. त्यांचा क्राउन, सोर्ड वगैरे सगळं स्कॉटलंडमध्येच राहील, फॉरएव्हर."

"मग? राहिलं?"

"हो. नेव्हर लेफ्ट."

"बघ!" शरयूला बरं वाटलं. "लिहून घेतलं की राहतं."

"राहिलं, पण पेटीत. मोठ्या लाकडी पेटीत घालून कुलूप लावलं आणि ती रूम बंद केली." नेत्राने खांदे उडवले. "टेक्निकली प्रॉमिस पाळलं ना."

शरयू मटार सोलत होती. तिचा हात थांबला. मग तिने स्वतःलाच दटावलं. कुठे तो राजमुकुट आणि कुठे आपला वरणभाताचा डबा! ती पुन्हा मटार सोलायला लागली.

मार्चच्या चोवीस तारखेला, पाडव्याच्या कार्यक्रमात, मंडळाची सभा झाली. आदल्या दिवशी काकांचा फोन आला होता. "ठराव मी मांडतो, अनुमोदक म्हणून तुझं नाव घालतोय. तोच मान आहे तुझा." मान म्हटल्यावर नको कसं म्हणणार? आपल्या सभांमध्ये सूचक आणि अनुमोदक आधीच ठरलेले असतात. सभेत फक्त त्यांनी उभं राहायचं असतं.

कॅफेटेरियात लाल झेंडूच्या माळा लावल्या होत्या, कोपऱ्यात गुढी, टेबलावर श्रीखंडाच्या बरण्या. काकांनी बावीसही कलमं वाचली. राधिका नावाची एक खमकी बाई उठून म्हणाली, "पंधरात आपले दोनच? मग आपलं कोण ऐकणार?" तेवढ्यात मुलं भुकेने किरकिर करायला लागली, आणि मागून कुणीतरी म्हणालं, "घ्या यार, व्होट घ्या, पुऱ्या गार होतायत." काकांनी शरयूकडे पाहिलं. ती उभी राहिली आणि म्हणाली, "मी या ठरावाला अनुमोदन देते." आवाज तिलाच परका वाटला. मग हात वर झाले. एकेचाळीस बाजूने, नऊ विरुद्ध.

शेवटचं कलम होतं की नदीकाठ मंडळ विसर्जित होत आहे. टाळ्या पडल्या. टाळ्या थांबल्यावर मात्र कुणालाच काय करावं कळेना. आत्ता ज्या सभेत आपण बसलो होतो ती सभाच उरली नाही, असं काहीतरी सगळ्यांच्या लक्षात आलं असावं. मग कुणीतरी पुऱ्यांचा ट्रे उघडला.

"आई, तू सेकंड केलंस?" नेत्राने कानाशी येऊन विचारलं. "स्वतःच्याच अगेन्स्ट? स्कॉटलंडवाल्यांनी पण हेच केलं. देअर ओन पार्लमेंट."

"हळू बोल."

तेवढ्यात काका माईकवरून म्हणाले की एकत्रीकरण महाराष्ट्र दिनापासून, म्हणजे एक मेपासून, अंमलात येईल. पुन्हा टाळ्या. नेत्राचे डोळे मोठे झाले.

"मे फर्स्ट? शट अप. त्यांचं पण मे फर्स्टच होतं. एक्झॅक्टली थ्री हंड्रेड इयर्स."

शरयूला हसू आलं, पण ते ओठापर्यंत पोचलं नाही.

पंक्तीत तिच्या शेजारी लतिका येऊन बसली. नागपूरची, सव्वीस वर्षांची, आठवा सरून नववा लागलेला. नवरा यतीन कन्सल्टंट. सोमवारी विमानाने जायचा, गुरुवारी रात्री यायचा. लतिका डिपेंडंट व्हिसावर, म्हणजे नोकरी करायची परवानगी नाही, आणि गाडी चालवायला अजून शिकलेली नाही. तिच्या आईचा व्हिसा मुंबईत दुसऱ्यांदा नाकारला गेला होता. तिने पुरी अर्धीच खाल्ली आणि हळूच विचारलं, "काकू, मंडळ गेलं, पण डबा राहील ना?"

"राहील गं. लिहून घेतलंय," शरयू म्हणाली.

एप्रिलच्या बारा तारखेला लतिकाला मुलगी झाली. चौदाला ती घरी आली आणि पंधरापासून डबा सुरू झाला. आठवड्याभराने शरयूची पाळी आली. ऑफिसातून दुपारची सुट्टी घेऊन ती लतिकाच्या अपार्टमेंटमध्ये गेली. तिचा किल्ल्यांचा जुडगा नेहमीसारखा वाजत होता. नेत्राने दुसरीत असताना त्याला एक पितळी घुंगरू बांधलं होतं, ते अजून तसंच होतं. दार उघडून लतिका म्हणाली, "जिन्यातच कळलं काकू तुम्ही आलात ते."

शरयूने बाळ घेतलं. लतिका जेवायला बसली, पण बाळाकडे बघेना. बाळ रडलं तरी ती भिंतीकडे बघत होती. वरणाचा घास तोंडात तसाच ठेवून ती एकदम हसत म्हणाली, "काकू, आंघोळ घालताना माझ्या मनात काय येतं माहितीय? हात सोडला तर?"

ती हसली म्हणून शरयूही कसंनुसं हसली. पण घरी जाताना पुलावर तिच्या कानात तोच प्रश्न घोळत राहिला.

रात्री तिने यतीनला फोन करून झापलं. डॉक्टरची अपॉइंटमेंट घ्यायला लावली, ती मिळाली थेट चौदा मेची. मग डबा नेणाऱ्या सगळ्याजणींना तिने फोन केले. तिला एकटीला ठेवू नका, जेवण होईपर्यंत उठू नका, बाळाची आंघोळ तुमच्या समोर होऊ दे. सगळ्यांनी ते ऐकलं. रोज कुणीतरी दुपारी तास-दीड तास बसू लागलं. पंधराव्या दिवशी डबा देऊन आलेली सुलेखा सांगत आली की लतिकाने दुसरी पोळी मागितली, आणि बाळाला पाजताना काहीतरी गुणगुणत होती. शरयूने देवासमोर साखर ठेवली.

त्याच आठवड्यात यतीनच्या क्लायंटकडे नवीन सिस्टिम सुरू व्हायची होती. तो एकोणतीस एप्रिलला ह्यूस्टनला गेला. आता दोन आठवडे, शनिवार-रविवारसुद्धा, येणार नव्हता.

एक मे मंगळवार होता. महिन्याचा पहिला मंगळवार, त्यामुळे सकाळी दहा वाजता गावोगावचे वादळाचे भोंगे चाचणीसाठी वाजले. दर महिन्याला वाजतात, त्याचं कुणाला काही वाटत नाही. पण त्या दिवशी ऑफिसच्या खिडकीशी उभ्या शरयूला तो आवाज संपता संपेना. जागेवर येऊन बसली तर ईमेल आलेलं होतं. सेवा उपसमितीकडून, एकत्रित समाजाचं पहिलंच पत्रक.

नवव्या कलमाप्रमाणे डब्याची प्रथा आता दोन्ही बाजूंच्या बाळंतिणींसाठी सुरू होत आहे, असं त्यात लिहिलं होतं. सगळ्यांचं अभिनंदन केलं होतं. मग सूचना. स्वयंसेवकांनी कुणाच्या घरात जाऊ नये, काही कमी-जास्त झालं तर जबाबदारी समाजावर येते. बेल वाजवू नये, बाळ-बाळंतीण झोपलेली असू शकतात. जेवण एकदा वापरून टाकायच्या डब्यांत द्यावं. साडेबारा वाजता दाराशी ठेवून तक्त्यात खूण करावी. खाली एक सुबक तक्ता होता, तारखांचे रकाने आणि खुणेला चौकोन.

शरयूने जेवणाच्या सुट्टीत काकांना फोन लावला.

"काका, हा आपला डबा नाही."

"म्हणजे? कलम नऊ शब्दशः पाळलंय," काका म्हणाले. त्यांना खरंच कळलं नव्हतं. "ताजा डबा, रोज, दुपारी, सव्वा महिना, घरी पोचवणे. तूच लिहिलंस ना?"

"पण आत जाऊन बसायचं असतं हो. तेच तर खरं."

"मग तसं लिहायचं होतंस. बरं, पुढच्या मीटिंगला दुरुस्ती मांड. जूनमध्ये आहे." मग आवाज खाली आणून ते मायेने म्हणाले, "शरयू, मी तुला मोठ्या भावासारखा सांगतो. पहिला महिना तरी शिस्तीत राहू दे. आजच कुणीतरी म्हणत होतं, शरयूताईंना खुर्ची सुटत नाही म्हणून."

हे शेवटचं वाक्य तिला लागलं. सोळा वर्षं या बाईने खुर्ची कधी पाहिली नव्हती, फक्त खुर्च्या मांडल्या होत्या. राग आला, आणि रागाच्या मागोमाग लाज. आपण गप्प राहायचं, दाखवून द्यायचं की आपल्याला काही नको. माणूस आपली अब्रू राखायला जातो तेव्हा त्याला दुसऱ्याचं काही दिसत नाही. शरयूचं तेच झालं, आणि त्यासाठी पुढे तिने स्वतःला कधी माफ केलं नाही.

तिने सुलेखाला विचारलं तर सुलेखा म्हणाली, "आता नियमच आहे तर काय करणार? तूच तर अनुमोदन दिलंस."

शुक्रवारी, चार तारखेला, डब्याची पाळी शरयूचीच होती. तिने मेथीची भाजी, मऊ भात, साजूक तुपाची छोटी वाटी, सगळं प्लास्टिकच्या डब्यांत भरलं. मालिनी काकूंचा स्टीलचा डबा फडताळात वर ठेवून दिला. लतिकाच्या दाराशी पोचली तेव्हा साडेबाराला दोन मिनिटं होती. आत काही आवाज नव्हता. तिने पिशवी पायपुसण्यावर ठेवली. बोट बेलपर्यंत नेलं. वाटलं, बाळ झोपलं असेल. वाटलं, समोरच्या अपार्टमेंटमध्ये समाजाचंच एक कुटुंब राहतं, ते बघतील. बोट तसंच मागे घेऊन ती उभी राहिली, या हातातल्या किल्ल्या त्या हातात घेतल्या, आणि मग जिना उतरली. गाडीत बसून तक्त्यावर खूण केली.

संध्याकाळी तिने फोन केला.

"मिळाला ना गं डबा?"

"हो काकू."

"बरी आहेस ना?"

"हो. ठीक."

एवढंच. आवाज सपाट होता, पण झोपमोड झाली असेल असं शरयूने मनाला सांगितलं.

रविवारी, सहा तारखेला, सकाळी अकराच्या सुमाराला नेत्रा हॉलमध्ये उभी राहून दुसऱ्या दिवशीच्या प्रेझेंटेशनची तालीम करत होती. प्रेक्षक शरयू आणि विनय. विनयच्या हातात पेपर होता. नेत्रा पार्लमेंटबद्दल बोलली, एडिनबरोच्या रस्त्यांवरच्या दंग्यांबद्दल बोलली. पंचेचाळीस जण पाचशे तेरांमध्ये जाऊन बसले तेव्हा त्यांना कसं वाटलं असेल, तेही बोलली. मग पेटीचं चित्र दाखवलं.

"अँड दिस इज द क्रेझी पार्ट," ती म्हणाली. "एकशे अकरा वर्षं कुणी पेटी उघडलीच नाही. सगळे म्हणायचे, क्राउन आहे, आर्टिकलमध्ये लिहिलंय ना, म्हणजे असणारच. मग हळूहळू लोकांना वाटायला लागलं की आत काहीच नसेल. बट नोबडी वेन्ट इन. कुणी आत जाऊन बघितलंच नाही."

"मग?" विनयने विचारलं.

शरयूने उत्तर ऐकलं नाही. ती उठून फोनपाशी गेली होती.

तिने बुधवारवालीला फोन केला. "ठेवून आले ना मी, खूण केलीय." लतिका दिसली का? "नाही बाई, बेल वाजवायची नाही ना." गुरुवारवालीने तेच सांगितलं. शनिवारवालीनेही तेच. शुक्रवारवाली ती स्वतःच होती. चार दिवस. चार दिवसांत त्या पोरीला एकाही माणसाने पाहिलेलं नव्हतं. तिने लतिकाला फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला.

तिने फडताळातून मालिनी काकूंचा डबा ओढून काढला, गॅसवर जो वरणभात तयार होता तो त्यात कोंबला आणि चपला कशाबशा पायात सरकवून गाडी काढली. पुलावर रविवारची रहदारी तुंबली होती. तिने आयुष्यात पहिल्यांदा हॉर्न दाबून धरला.

लतिकाच्या दाराशी येताच तिने बेलवर बोट ठेवलं ते उचललंच नाही. दार कुणी उघडेना. आतून पाण्याचा आवाज येत होता. नळ सोडलेला होता, जोरात. शरयूने दाराची मूठ फिरवली. दार उघडंच होतं.

खोलीत पडदे ओढलेले. स्वयंपाकघराच्या ओट्यावर पावाचं अर्धं पाकीट, फ्रिजचं दार अर्धवट उघडं, त्यात चार पिशव्या एकावर एक, गाठी न सोडलेल्या. वरून दुसरी तिचीच होती. बाथरूममध्ये दिवा चालू होता. टब काठोकाठ भरून पाणी जमिनीवर सांडत होतं, आणि त्या ओल्या फरशीवर टबाला टेकून लतिका बसली होती. मांडीवर टॉवेलात गुंडाळलेलं बाळ. बाळ हलत नव्हतं.

शरयूने ते उचललं. अंग कोमट होतं. तिने गालाला गाल लावला, पाठ चोळली, आणि बाळाने एकदम तोंड उघडून किंकाळी फोडली. बाळाला छातीशी धरून शरयू तिथेच पाण्यात बसली. झोपलं होतं हो, नुसतं झोपलं होतं.

"मी काही केलं नाही काकू," लतिका म्हणाली. ती बाळाकडे नाही, पाण्याकडे बघत होती. "अजून काही केलं नाही."

शरयूने एका हाताने नळ बंद केला, टबाचं बूच उपटलं. पाणी गुरगुरत जायला लागलं. ते पूर्ण जाईपर्यंत ती हलली नाही. मग तिने लतिकाला काखेत हात घालून उठवलं, बाहेर आणलं, कोरडे कपडे घातले. डॉक्टरच्या तातडीच्या नंबरवर फोन केला. तिकडच्या नर्सने सांगितलं की तिला क्षणभरही एकटी सोडू नका, बाळाला स्वतःजवळ ठेवा, आम्ही आत्ता माणसं पाठवतोय. यतीनला फोन केला. तो आधी इंग्रजीत काहीतरी मीटिंगचं बोलायला लागला, आणि मग रडायलाच लागला. मिळेल त्या विमानाने निघतो म्हणाला.

दाराजवळच्या भिंतीला टेकून त्या दोघी सतरंजीवर बसल्या. बाळ शरयूच्या मांडीवर होतं. तिने स्टीलचा डबा उघडला.

"जेव," ती म्हणाली. "मी बसलेय."

लतिकाने एक घास घेतला. दुसरा घेतला. तिचे डोळे कोरडे होते, आणि तेच शरयूला पाहवेना.

"दार उघडं का गं ठेवलंस?"

"बुधवारपासून उघडंच आहे," लतिका म्हणाली. "म्हटलं, बाळाचं करताना बेल ऐकू नाही आली तर निदान ढकलून येतील."

मग तिने घड्याळाकडे पाहिलं आणि घास हातातच ठेवून थांबली. "आता येतील," ती कुजबुजली. साडेबारा वाजले होते.

जिन्यात पावलं वाजली. वर आली, दाराशी थांबली. पिशवी खाली ठेवल्याची कुरकुर झाली. कुणीतरी घसा खाकरलं, मग पेनाचं टोपण टक्कन लागलं. बाळाला सावरून शरयूने उठायला हात टेकला, तोवर पावलं खाली गेली.

"रोज असंच," लतिका म्हणाली. "मी इथेच बसते, दाराला कान लावून. रोज वाटतं, आज वाजवतील." तिने हातातला घास डब्यात परत ठेवला. "शुक्रवारी तुमचं घुंगरू वाजलं. तेव्हा तर मी उठून उभीच राहिले होते, बाळाला घेऊन. म्हटलं, काकू आल्या. काकू वाजवतील."

शरयूच्या एका हातात बाळ होतं, दुसरा हात तिने सतरंजीवर पडलेल्या किल्ल्यांवर ठेवला. त्या वाजू नयेत म्हणून ती मूठ घट्ट आवळून बसून राहिली.